सिट-अप्सचा आकडा नको, पायरी वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नववर्षाच्या आरोग्य पुरवणीत आपण ‘३० दिवसांत सपाट पोट’ असा एक तक्ता छापला होता. पहिल्या दिवशी १० सिट-अप्स (पाठीवर झोपून उठून बसणं), मग रोज ५ जास्त, म्हणजे शेवटच्या दिवशी १५५. आमच्या बागेत तो तक्ता कापून आणणारे बरेच जण भेटले. एका काकूंनी तर तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रोजच्या बाकाला चिकटवला आहे. जानेवारीच्या थंडीत लोक पहाटे अंथरूण सोडून व्यायामाला येताहेत, याचं श्रेय आपल्या पुरवणीला आहे आणि ते मी मनापासून देते. पण तो तक्ता लोकांना चुकीच्या वाटेने नेतो आहे, असं माझं ठाम मत आहे. वाढवायचा तो आकडा नाही, व्यायामाची पायरी, म्हणजे तो किती कठीण आहे ते. म्हणून हे पत्र.

माझं बी.पी.एड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. पुढे नागपुरातच शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. निवृत्तीनंतर नंदनवन भागातल्या एका बागेत सकाळी वर्ग घेते. शाळकरी मुली, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणी, साठी ओलांडलेल्या बाया आणि त्यांच्यासोबत फिरायला आलेले काही भाऊ अशी सगळी मंडळी त्यात असतात. पोटाच्या व्यायामाबद्दल मला जितकं विचारतात तितकं बाकी कशाबद्दल कोणी विचारत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्न आकड्याचाच असतो. मॅडम, किती मारायच्या? मॅडम, प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरणं) किती मिनिटं?

आमच्यात एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत. गेली कित्येक वर्षं ते रोज शंभराच्या वर सिट-अप्स मारतात. पाय बाकाखाली अडकवून, हात मानेमागे, भराभर. एकदा त्यांना म्हटलं, भाऊ, पाय मोकळे सोडा, हात डोक्याच्या वर सरळ ताणा, वर यायला तीन सेकंद आणि खाली जायला पाच सेकंद घ्या. सहावीला ते अर्ध्यावरच थांबले. “काहून होऊन नाही राहिलं जी मॅडम?” त्यांच्या चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता. त्यांच्या पोटात ताकद नव्हती असं मुळीच नाही. त्यांच्या शरीराला एकच हालचाल, एकाच वेगाने, पाय अडकवून करण्याची सवय झाली होती. पाय अडकवले की मांडी वर ओढणारे स्नायू कामाचा मोठा वाटा उचलतात. वेगामुळे अंगाला झोका मिळतो. पोटाच्या वाट्याला जेवढं उरतं तेवढं त्याला केव्हाच पेलता येऊ लागलेलं असतं, मग त्याने आणखी बळकट व्हायचं कशासाठी?

ही गोष्ट काही मी शोधलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन परतलेल्या सैनिकांवर शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डेलॉर्म नावाचे डॉक्टर उपचार करत. पाय बरा झाला तरी मांडीत जोर येत नसे. तेव्हाची रीत हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावण्याची होती. डेलॉर्म यांनी ती उलटवली. वजन जास्त, फेऱ्या मोजक्या, आणि ताकद वाढली की वजन वाढवायचं. १९४५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. हलकं वजन शंभरदा उचलून दम टिकवायची शक्ती येते, जड वजन थोड्या वेळा उचलून जोर येतो, आणि एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. आज जगातली कुठलीही व्यायामशाळा याच पायावर उभी आहे. दंडासाठी आपण हे निमूट मान्य करतो. पाच किलोचं डंबेल हलकं वाटलं की साडेसात किलोचं घेतो, पाच किलोचंच दोनशे वेळा उचलत बसत नाही. पोट मात्र वेगळ्या मातीचं आहे अशी समजूत का झाली, हे मला कधी उमगलेलं नाही. पोटाचे स्नायूही तसेच स्नायू आहेत. त्यांना वाढता भार लागतो आणि मध्ये एक दिवसाची विश्रांतीही लागते.

आपल्या मातीतल्या मल्लखांबाला हे कधी सांगावं लागलं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला आजचं रूप दिलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या आमच्या मंडळाच्या चमूने तो तिथे करून दाखवला. मंडळात आम्ही पाहिलं ते असं की साधी अढी, म्हणजे खांबाला पायांनी घातलेली पकड, जमली की उस्ताद तीच पन्नासदा मारायला लावत नसत. पुढे त्याहून कठीण प्रकार, आधी तेढी, मग बगली, मग दसरंग. मल्लखांबपटूचं पोट पाहा, त्याने आयुष्यात सिट-अप्सचा आकडा लिहून ठेवलेला नसतो.

आता प्रश्न राहतो की घरी, बागेत, वजन नसताना भार वाढवायचा कसा. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण इथेच लोक अडतात आणि मग आकड्याकडे वळतात.

सगळ्यात सोपं म्हणजे अंतर लांबवणं. पाण्याने भरलेली बादली अंगाला लावून धरली तर चालता येतं, हात लांब करून धरली तर दोन पावलांत खांदा भरून येतो, बादली तीच असली तरी. क्रंच, म्हणजे पाठीवर झोपून फक्त डोकं-खांदे उचलणं, करताना हात मांडीवरून सरकवले की सर्वांत सोपं, छातीवर घडी घातली की थोडं कठीण, कानाजवळ नेले की आणखी, डोक्याच्या वर सरळ ताणले की बऱ्यापैकी कठीण. पायांचंही तसंच. पाठीवर झोपून गुडघे दुमडलेले पाय वर आणणं आणि सरळ पाय वर आणणं यात फार अंतर आहे. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या शिस्तीत वाढलेले आपल्या शहरात पुष्कळ लोक आहेत. त्यांना उत्तानपादासन आणि नौकासन येतंच. त्यांनी नौकासनात गुडघे दुमडून सुरुवात करून हळूहळू पाय सरळ केले आणि शेवटी हात कानांजवळ नेले, तर त्याच आसनात त्यांना महिनोन्महिने पुरेल एवढी चढण आहे.

प्लँकची गत सिट-अप्ससारखीच झाली आहे. लोक मिनिटं मोजतात. जगात प्लँकचा विक्रम साडेनऊ तासांच्या वर गेलेला आहे, पण तो चिवटपणाचा विक्रम आहे, पोटाच्या जोराचं माप नाही. माझ्या वर्गात एक मिनिट नीट धरता आला की मी मिनिटं वाढवू देत नाही. कोपर खांद्याच्या बरोबर खाली असतात, ते वीतभर पुढे न्यायला सांगते. नितंब घट्ट आवळायचे, कंबर खाली झुकू द्यायची नाही. दोन मिनिटं गप्पा मारत प्लँक धरणाऱ्या मुली इथे वीस सेकंदांत थरथरू लागतात. ते जमलं की एक पाय उचलायचा. तेही जमलं की पायाखाली पायरी घ्यायची.

पोटाच्या व्यायामासाठी जमिनीवर पुढे-मागे फिरवायचं चाक, म्हणजे रोलर, विकत मिळतं आणि फार महागही नसतं. पण नसलं तरी अडत नाही. फरशी पुसायचं कोरडं फडकं दोन्ही तळहातांखाली घ्या, भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसा, आणि हात पुढे सरकवत जा. गुडघ्याखाली उशी ठेवा. भिंत तुम्हाला अडवेल, म्हणून सुरुवातीला भिंतीपासून थोडंच लांब बसा. तेवढं सहज जमू लागलं की गुडघे चार बोटं मागे घ्या. कंबरेत खळगा पडायला लागला की समजायचं, आज इथवरच. भिंत आणि गुडघे यांच्यातलं अंतर रोजच्या वहीत लिहिता येतं, आणि ते वाढणं म्हणजे खरी प्रगती. मला स्वतःला हा व्यायाम फार आवडतो, कारण त्यात फसवाफसवी करता येत नाही.

लटकून पाय उचलण्याच्या व्यायामात मात्र ती सहज करता येते, आणि बागेतल्या बारवर ती रोज दिसते. मुलं झोके घेत पाय वर फेकतात. पाय मांडीच्या सांध्यातून वर येतात तोवर पोट फक्त आधार देत असतं. कंबरेचा खालचा भाग गोल होऊन माकडहाड पुढे वळू लागतं, तिथून पोटाचं खरं काम सुरू होतं. म्हणून गुडघे कमरेपर्यंत आणून थांबायचं नाही, ते छातीकडे न्यायचे, तेही झोका न घेता. जमलं की पाय सरळ. बायांच्या बाबतीत आधी तळहाताची पकड सुटते, पोट थकायच्या कितीतरी आधी. त्यांना मी जमिनीवरच झोपवते, डोक्यामागे बाकाचा पाय धरायला सांगते, घरी दिवाणाचा. गुडघे छातीकडे आणून माकडहाड जमिनीवरून उचलायचं आणि पाच मोजत खाली सोडायचं. हे हळूहळू खाली सोडणंच सर्वांत मोलाचं आहे. दुसऱ्या दिवशी पोट दुखतं ते त्यानेच.

आणि हे सगळं करूनही हलकं वाटलं तर वजन आहेच. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. छातीशी धरा, मग कपाळाशी, मग डोक्यामागे. किती वाढवायचं यालाही नियम आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये दिलेली शिफारस अशी की ठरवलेल्या संख्येपेक्षा एक-दोन फेऱ्या जास्त होऊ लागल्या की भार २ ते १० टक्क्यांनी वाढवावा. मी घरगुती भाषेत सांगते की बारा ठरवल्या आणि चौदा नीट झाल्या, तर पुढच्या खेपेला कठीण पायरी घ्या आणि पुन्हा आठवर या. आठवर परत येण्यात लोकांना कमीपणा वाटतो. तो वाटू नये म्हणून मी वहीत आकड्याच्या आधी व्यायामाचं नाव लिहायला लावते.

हे सगळं आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. जोर लागतो तेव्हा श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. रक्तदाब असलेल्यांनी तर हे कधीच विसरू नये.

रेशीमबाग मैदानावर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली दिसतात. त्यांच्यासाठी मला वेगळं सांगायचं आहे. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत सिट-अप्स नाहीतच. धावणं आहे आणि गोळाफेक आहे, मुलांना ७.२६ किलोचा आणि मुलींना ४ किलोचा गोळा. गोळा हाताने फेकला जातो असं वाटतं, पण जोर पायातून निघून कंबरेच्या फिरण्यातून खांद्यात येतो. मधला दुवा पोटाच्या तिरप्या स्नायूंचा असतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या पायात चांगला जोर होता, पण फेकताना कंबर ढिली पडायची आणि गोळा आखूड जायचा. तिच्या सिट-अप्स मी बंद केल्या. रबरी पट्टा झाडाला बांधून, त्याच्या ओढीला आडवं उभं राहून, दोन्ही हात छातीसमोर सरळ न्यायचे आणि अंग वळू द्यायचं नाही, एवढंच करायला लावलं. जमलं की झाडापासून एक पाऊल लांब. नंतर पट्टा दुहेरी. त्यानंतर दोन्ही हातांनी जड चेंडू बाजूने भिंतीवर आपटणं. तिची फेक सुधारली, आणि पाठ दुखते ही तक्रारही गेली.

पाठीचा विषय निघाला म्हणून सांगते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी आयुष्यभर मणक्यांवरच्या भाराचं मोजमाप केलं. एका पूर्ण सिट-अपमध्ये कंबरेच्या मणक्यांवर ३००० न्यूटनहून अधिक, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतका, दाब येतो, असं त्यांनी दाखवलं आहे. तंदुरुस्त माणसाला तो थोड्या वेळा सोसतो. दिवसाला १५५ वेळा, तेही थकून पाठ वाकडीतिकडी झालेली असताना, सोसावा अशी अपेक्षा का करायची? अमेरिकेच्या लष्करानेही दोन मिनिटांच्या सिट-अप्सची कित्येक दशकांची चाचणी सोडून दिली, आणि २०२२ पासून तिथे प्लँक आहे.

पहाटेच्या मंडळींनी आणखी एक जपावं. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिल्या तासाभरात पुढे वाकण्याचा ताण त्यांना जास्त लागतो. म्हणून आमच्या वर्गात आधी चालणं, मग खांदे-पाय, आणि पोटाचा व्यायाम सर्वांत शेवटी. उठल्या उठल्या चटईवर सिट-अप्स मारणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सगळ्यांना पाचलाच येऊन मोकळं व्हायचं असतं, आणि तेव्हा तर हे जास्तच पाळावं लागतं.

पाळी थांबलेल्या बायांसाठी तर आपला तक्ता सरळ धोक्याचा आहे. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी पुढे वाकायचे व्यायाम केले तर मणके दबून मोडण्याचा धोका वाढतो, हे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यांच्यासाठी प्लँक आहे, पाठीवर झोपून एकेक हात-पाय सावकाश लांबवणं आहे. तिथेही पायऱ्या आहेतच. हर्निया असलेल्यांनी आणि नुकतंच बाळंतपण झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाळंतपणानंतर पोटाचे दोन पट्टे मध्यभागी फाकलेले असू शकतात, आणि वर उठताना मध्ये उंचवटा दिसला तर तो व्यायाम लगेच थांबवायचा, एवढं तरी प्रत्येक आईला माहीत असावं.

राहिला सपाट पोटाचा मुद्दा. तक्त्याचं नावच ते आहे म्हणून लिहिते. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच चरबी जात नाही. २०११ मध्ये २४ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे सात व्यायाम करवून घेतले. पोटाची चिकाटी वाढली, चरबी होती तेवढीच राहिली. ती जाते ताटातल्या हिशेबाने आणि एकूण हालचालीने. व्यायामानंतर ठेल्यावर तर्री-पोह्याच्या दोन प्लेट खाणाऱ्या आमच्याच मंडळींना मी हे रोज सांगते. पोट बळकट करायचं ते कंबर सांभाळण्यासाठी, गहू-तांदळाचं पोतं उचलता यावं म्हणून, नातवाला कडेवर घेता यावं म्हणून. माझ्या वर्गातल्या बायांना ही कारणं आरशापेक्षा जास्त पटली आहेत.

आपल्याला माझी विनंती आहे की पुढच्या पुरवणीत त्या तक्त्याच्या जागी पायऱ्या छापाव्यात. प्रत्येक व्यायामाच्या चार-पाच पायऱ्या, सोप्यापासून कठीणपर्यंत, चित्रांसह, आणि वरची पायरी कधी घ्यायची याचा एक ओळीचा नियम. कोणी कोणती पायरी घेऊ नये हेही ठळक अक्षरांत. मजकूर मी विनामूल्य लिहून देईन, चित्रांसाठी माझ्या वर्गातल्या मुली उभ्या राहतील. गणेशोत्सवात वस्तीवस्तीत ‘सर्वाधिक सिट-अप्स’ची स्पर्धा लागते, तीही बदलता आली तर हवीच आहे. हात डोक्यावर ताणून, पाय मोकळे ठेवून, संथ लयीत दहा कोण नीट करतो, अशी स्पर्धा घ्या. परीक्षक म्हणून मी यायला तयार आहे.

दुसरी विनंती बागांची देखभाल करणाऱ्यांना आपल्या मार्फत. आमच्या बागेत ग्रीन जिमची यंत्रं आहेत, लोक त्यांवर आनंदाने झुलतात, पण बहुतेकांवर भार कमी-जास्त करता येत नाही. नव्या यंत्रांऐवजी दोन साधे आडवे लोखंडी बार बसवून द्या. एक एवढा उंच की मोठ्या माणसाचे पाय जमिनीला टेकणार नाहीत, आणि दुसरा छातीच्या उंचीचा, ज्यांना अजून लटकता येत नाही त्यांच्यासाठी. खाली वाळू टाका. सध्या आहे तो एकच बार इतका उंच आहे की बायांना आणि लहान मुलींना बाकावर चढून तो पकडावा लागतो, आणि बाक हलतो.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
नंदनवन, नागपूर